सीमाचळवळीतली निष्ठा आणि भाऊबंदकी : तुमचे अनुभव लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणी हा कर्नाटकातला मराठी भाग महाराष्ट्रात जावा म्हणून आपली ही चळवळ. यंदा 1 नोव्हेंबरच्या, काळ्या दिनाच्या सायकल फेरीत दोन काका दिसले. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात दोघं एकाच कोठडीत होते, एका ताटात जेवलेले, आणि परवा एकमेकांकडं न बघता सायकल पुढं दामटली. 2013 ला आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते, 2018 ला शून्य, 2023 ला पण शून्य. दिल्लीबंगळूरला नावं ठेवून झाली, आता घरातलं लिहूया. फक्त स्वतःवर गुदरलेलं लिहा, कुणाचं नाव नको.

शहापूरकर
आमचे बाबा मागावर बसायचे. मोर्चाच्या दिवशी माग बंद, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, खरं कधी कुरकुर केली नाही. नंतर छोटं दुकान टाकलं, नियम म्हणून पाटीवर कन्नड वर आणि मराठी खाली लिहिलं, तर गल्लीतल्याच चौघांनी येऊन "तुम्ही पण विकला गेलात काय" म्हणून विचारलं. बाबांनी काही उत्तर दिलं नाही. त्या चौघांतल्या एकाच्या पोराची फी त्यांनीच भरलेली, ते पण बोलले नाहीत. त्यानंतर मीटिंगला जायचे बंद झाले ते कायमचेच.

खानापूरची
निवडणुकीत मी बूथवर बसलेली. आपलेच दोन उमेदवार, दोघांच्या पोरांच्या गळ्यात तोच भगवा, चिन्हं तेवढी वेगळी. एक आजी काठी टेकत आली आणि विचारतेय, "बाळ, ह्यातला आपला कंचा गं?" दोन्ही टेबलांवरून एकदमच "आमचा" आलं. आजी उभीच राहिली थोडा वेळ. तिनं मत कुणाला दिलं माहीत नाही, मला मात्र त्या दिवशी लई लाज वाटली.

अनगोळ
मुलीला कन्नड माध्यमात घातलं, कारण इथंच नोकरी करायची आहे तिला. घरात मराठीच, ज्ञानेश्वरी पण वाचते ती. खरं महिला आघाडीत मला सांगितलं की यापुढं स्टेजवर बसू नका, लोकांत चुकीचा संदेश जातो. सांगणाऱ्या बाईंची नातवंडं इंग्लिश मीडियमला! इंग्लिश चालतं, कन्नड म्हटलं की बाटलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. 17 जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, हुतात्मा चौकात मी अजून जाते, मागं उभी राहते.

निपाणीकर
थोडं वेगळं बोलतो. राष्ट्रीय पक्षाचं तिकीट मिळालं की रात्रीत पलटी मारणारे पण बघितलेत ना आपण? त्यांना गद्दार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? 2004 पासून सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा सीमेचा दावा पडून आहे, एवढी वर्षं माणसं टिकून राहिली ती असल्या कडकपणामुळंच.

धागाकर्ता
@निपाणीकर, तिकिटासाठी पळालेल्याला म्हणा की, कोण अडवलंय. खरं पाटीवाल्याला आणि पोरीच्या आईला पण तोच शब्द लावला तर पळालेल्याला लावायला काय उरलं? माझंच सांगतो. एकीसाठी नेमलेल्या तरुणांच्या टीममध्ये मी होतो. समितीच्या दोन्ही गटांकडं सात हेलपाटे मारले. एकत्र लढायला दोघं तयार झाले, आणि बोलणी मोडली ती पत्रकावर आधी सही कुणाची यावर, तीन तास वाद घालून. पत्रक छापून पण आणलं होतं, सह्यांची जागा मोकळी सोडून. तो गठ्ठा आमच्या माळ्यावर आहे अजून.