भांड्यांवरची नावं

'भांडी रचली की झालं शिल्प, तेवढी तर आमच्या मांडणीवरही आहेत' हे भांड्यांपासून शिल्पं करणाऱ्या सुबोध गुप्तांबद्दलचं म्हणणं मला अर्धंच पटलं. त्यांची २००६ची ती स्टीलच्या भांड्यांची अवाढव्य कवटी, 'व्हेरी हंग्री गॉड', मलाही नुसती चकचकीत वाटते. पण त्यांच्याच 'धिस इज नॉट अ फाउंटन'मध्ये वापरून पोचे आलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा ढीग आहे आणि त्यातून उघडे नळ वाहतायत. ती भांडी कुणाच्या तरी हातची आहेत, फरक तिथे पडतो.

गेल्या वर्षी आमच्या लालबागच्या खोलीतली जुनी भांडी आईने मोडीत काढली. एका पितळी डब्याच्या काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, 'मामाकडून सप्रेम भेट' आणि खाली आजीच्या लग्नाची तारीख. 'मामाकडून'मधला 'क' भलताच वाकडा, कोरणाऱ्याचा हात सटकला असणार. भांडीवाल्याने डबा सरळ काट्यावर टाकला, नाव वाचलंही नाही. (त्याचं तरी काय चुकलं, तो वजनाचेच पैसे देतो.) मी तो परत उचलला. सध्या त्यात सुतळी आणि कुठल्याच कुलुपाला न लागणाऱ्या किल्ल्या आहेत.