ओव्हरलॉर्ड सातव्या खंडानंतर वाचवत नाही, आणि त्याचं कारण 'कोवळं मन' नाही

खडूस_वाचक
परवा एका महाशयांनी लिहिलं की डार्क फॅन्टसी लाईट नॉव्हेलमधे प्रामाणिक अशी एकच सिरीज आहे ती म्हणजे मारुयामाची ओव्हरलॉर्ड (ऑनलाईन गेम बंद होताना एक नोकरदार गेममधल्या आपल्या सांगाडा-जादूगाराच्या रूपात, म्हणजे आइन्झ म्हणून, दुसऱ्या जगात अडकतो; नाझारिक म्हणजे त्याने आणि गेममधल्या मित्रांनी उभारलेला किल्ला, राक्षसी सेवकांसकट), बाकी सगळ्या शाळकरी, आणि ज्यांना सातवा खंड झेपत नाही अशा कोवळ्या मनाच्या लोकांनी बालवाङ्मय वाचावं. तिथेच उत्तर टंकत होतो पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा. सोळाच्या सोळा खंडांचे स्पॉयलर आहेत, नंतर बोंब मारू नका.

तर महाशय, सातवा खंड झेपला मला. चांगला झेपला. झेपत नाही ते हे की या सिरीजमधे धोका नावाची गोष्टच उरली नाहीये. तिसरा खंड आठवा. ताब्याबाहेर गेलेल्या आपल्याच व्हॅम्पायर सेविकेशी, शॅल्टिअरशी, आइन्झ एकटा लढायला जातो, कुठलं स्पेल वापरून झालं, कुठलं शिल्लक, खरे पैसे मोजून घेतलेले कॅश आयटम कधी काढायचे, सगळा हिशोब डोक्यात, आणि आपल्याला खरंच वाटतं की हा मरेल. मारुयामाला लिहिता येतं हो, मी कुठे नाही म्हणतोय. पण त्यानंतर तेरा खंड झाले आणि तसं एकदाही वाटलं नाही.

त्याऐवजी काय मिळतं, तर एक ठरलेला साचा. आधी चारपाच साध्या माणसांची ओळख करून द्यायची, त्यांची स्वप्नं, त्यांची जेवणाच्या टेबलावरची थट्टामस्करी, पानंच्या पानं. मग त्यांना नाझारिकच्या तोंडी द्यायचं. सातव्यात फोरसाइट या भाडोत्री टोळीतले चौघं. बरं, ते काय आपणहून चोरी करायला आलेले का? नाझारिकनेच डाव रचून त्यांना बोलावलं, आइन्झ स्वतः मोमोन नावाच्या साहसवीराचं सोंग घेऊन त्यांच्यासोबत तिथवर गेला, आणि नंतर हाच माणूस चिडतो की माझ्या मित्रांच्या घरात घाणेरडे पाय ठेवले म्हणून! यात कुठलं सत्य सांगितलं लेखकाने? तुम्ही कोणालाही घरी बोलावून मारू शकता हे? ते मला माहीत होतं.

नाझारिकचा_शिपाई
महाशय हजर आहेत.

परत तेच रडगाणं. मला एक सांग, दुसऱ्या खंडात क्लेमेंटाइनला त्याने मिठीत धरून चिरडलं, हळूहळू, हाडं मोडत, तेव्हा तुला काय वाटलं होतं? मजा आली ना? मला आली. सगळ्यांना आली. कारण ती हलकट होती. आइन्झ तेव्हा जो होता तोच सातव्यात आहे, काडीचा बदललेला नाही. बदललं काय तर समोरचा माणूस आपल्याला आवडायला लागला. म्हणजे सहा खंड ज्याच्यासाठी तू टाळ्या पिटल्यास तो कोण आहे हे लेखकाने तुला दाखवलं आणि तू रुसलास. यापेक्षा प्रामाणिक काय असतं?

आणि धोका नाही म्हणे. पुस्तकाचं नाव बघ एकदा. ज्याला धोका हवाय त्याने रीझीरो वाचावं, तिथे नायक सुबारू उठताबसता मरतो.

खडूस_वाचक
क्लेमेंटाइनचा मुद्दा बरा आहे. घे एक गुण. पण हे तू म्हणतोयस, पुस्तक म्हणत नाही. पुस्तक पुढच्या पानावर परत आइन्झवर भाळलेल्या अल्बेडोच्या लाडीगोडीकडे वळतं.

रंकाळ्याचा_वारा
चौथा खंड सोडून काय बोलायलाय भावा तुम्ही सगळे. सरड्यांचा खंड म्हणून लोक हसत्यात पण सगळ्यात नीट लिवलेला तोच हाय. झार्युसू, क्रुश, ती पाच टोळ्यांची एकी. आइन्झचा सेनापती कोसायटस पयली लढाई हरतो आणि मग आइन्झपुढं जाऊन म्हणतो यांना मारू नका, हे लढवय्ये हायत. म्हणून ते वाचत्यात. सातव्यात फोरसाइटमधल्या त्या आर्शेसाठी शब्द टाकणारं कुणीच नव्हतं एवढाच फरक. उपयोगाचा असलास तर जगशील आणि कुणी मागितलास तर जगशील. ह्यो नियम पयल्यापास्नं शेवटपर्यंत एकच हाय, लेखकानं कुठं फसवलं?

अवेळी_चहा
आर्शेबद्दल मला लिहायचंच होतं.

सगळे नाझारिक नाझारिक करताय पण त्या खंडातला सगळ्यात भयानक माणूस आर्शेचा बाप आहे. सरदारकी गेली, बादशहाने काढून घेतली, तरी घरात नवीन वस्तू येतायत, उधारीवर, कारण आपण पूर्वी कोण होतो हे लोकांना कळलं पाहिजे. आणि फेडतंय कोण तर पोरगी, जीव धोक्यात घालून. आमच्या जवळच्या नात्यात अगदी हे झालेलं आहे. काकांचा धंदा बसला, पण गाडी बदलणं थांबलं नाही, प्रत्येक लग्नात आहेराचं पाकीट तसंच जाड, आणि माझी चुलतबहीण कॉलेज सोडून दोन नोकऱ्या करायची आणि पगाराच्या दिवशी दारात माणूस उभा. ती पण म्हणायची धाकट्या भावाला घेऊन वेगळी राहते. आर्शे जुळ्या बहिणींना घेऊन निघायचं ठरवते ना, तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, पुढे काय होणार ते माहीत असून.

म्हणून माझं म्हणणं खडूससारखंच आहे पण कारण वेगळं. खरा अंधार लेखकाने दहाबारा पानांत एका कर्जबाजारी घरात दाखवला होता. मग तिथे सांगाडे आणि व्हॅम्पायर आणून तो झाकून टाकला. कर्जापेक्षा शॅल्टिअर सोपी आहे लिहायला.

नाझारिकचा_शिपाई
तुमच्या बहिणीचं वाईट वाटलं, खरंच. पण ताई, त्या दोन लहान बहिणींचं पुढे काय झालं हे पुस्तक ठामपणे सांगत नाही आणि दहा वर्षं लोक त्यावर भांडतायत, म्हणजे तो अंधार झाकला गेलेला नाही ना?

बेंचवरचा_विठोबा
तुम्ही सगळे चुकीचं पुस्तक वाचताय. ही डार्क फॅन्टसी नाहीच, ही ऑफिस कॉमेडी आहे.

पहिल्या खंडात गेम बंद व्हायच्या शेवटच्या रात्री आइन्झचा जुना मित्र हेरोहेरो येतो, कामाचं रडगाणं गातो, झोप येतेय म्हणतो आणि जातो. ते संभाषण मी दर शुक्रवारी रात्री दहा वाजता हिंजवडीच्या ट्रॅफिकमधे बसून करतो. आणि मग 'सासुगा आइन्झ-सामा', म्हणजे 'वा, आइन्झसाहेबच ते!', हे सेवकांचं पालुपद, तो काहीही बोलला तरी. आमचा एक मॅनेजर होता (कंपनी विचारू नका), त्याने एकदा मीटिंगमधे डुलकीतून उठून फक्त एवढंच म्हटलं की 'हे जरा मोठ्या चित्रात बघा', झालं, आमच्या टीम लीडने त्यातून अख्खा नवीन प्रोजेक्ट काढला, दोन महिने आम्ही राबलो, आणि शेवटी त्या मॅनेजरनेच विचारलं की हे कोणी करायला सांगितलं? आइन्झच्या शब्दाशब्दातून डाव काढणारा तो राक्षस डेमिअर्ज म्हणजे आमचा टीम लीड. फक्त कातडी सोलत नव्हता.

अर्धा_पगार
हाहाहा. आमच्याकडे उलटं, आमचा लीड म्हणजे आइन्झचा तो रूप बदलणारा नाटकी सेवक, पँडोराज अ‍ॅक्टर, नुसते हातवारे आणि जर्मन क्लायंट.

सिंगापूरची_सून
आइन्झ निदान रजा तरी देतो! मेड्सना जबरदस्तीने सुट्टी, त्या रडतायत आम्हाला कामच करायचंय म्हणून. पंधराव्यात तर सगळं राज्य सोडून ऑरा आणि मारे या जुळ्या एल्फ सेवकांना घेऊन एल्फांच्या देशात फिरायला जातो. आमच्या एचआरला तो खंड भेट द्यायचा विचार आहे.

बेंचवरचा_विठोबा
हेच तर! आइन्झ मूळचा सुझुकी सातोरू, म्हणजे पिळून निघालेला नोकरदार, आई कामाच्या ओझ्याने गेली, शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. आणि सत्ता मिळाल्यावर पहिली चिंता काय तर आपली कंपनी माणसं पिळणारी 'ब्लॅक कंपनी' होऊ नये. बॉस म्हणून दहापैकी नऊ.

नोटीस_पिरियड
दहापैकी नऊ?? डोकं ठिकाणावर आहे का? ज्या बॉसला हाताखालच्या चाळीसजणांची काळजी आहे आणि बाहेरच्या सत्तर हजार माणसांना एका स्पेलमधे मारताना त्याला फक्त त्या बळींतून 'राक्षसी बकऱ्या किती निघाल्या' हे मोजायचं असतं, तो चांगला बॉस? कात्झेच्या मैदानात पाच बकऱ्या निघाल्या म्हणून खुश होतो तो, वाचा नववा खंड. मला गेल्या वर्षी काढलं तेव्हा ज्या बाईंनी मीटिंग घेतली त्या अतिशय प्रेमळ होत्या, आपल्या टीमसाठी वाढदिवसाचे केक स्वतः आणायच्या. आम्ही त्यांच्या टीमचे नव्हतो एवढंच. दहा मिनिटात लॅपटॉप परत. सगळे हसताय त्याला, पण आतल्यांना रजा आणि बाहेरच्यांना बकऱ्या, हीच तर सगळ्यात घाणेरडी गोष्ट आहे त्या पात्राची.

बेंचवरचा_विठोबा
अरे मी गंमत करत होतो.

नोटीस_पिरियड
हो, सगळे गंमतच करत असतात.

बेंचवरचा_विठोबा
म्हणजे आता जोक करायला पण तुझी परवानगी काढायची? तुझी नोकरी मी घालवलेली नाही. दोन आठवड्यांपासून प्रोजेक्टविना बेंचवर मी पण बसलोय, हसतोय म्हणून मला काही होत नाही असं समजू नकोस.

ऑरेंज_सिटीवाला
काऊन भांडून राह्यले बे? लाईट नॉव्हेलचा धागा हाय, लेबर कोर्ट नोहे. पण नोटीसभाऊचं म्हणणं मले पटलं. खडूसभाऊले जे तीन परिच्छेदात सांगता नाही आलं ते त्यानं केकमधे सांगितलं.

खडूस_वाचक
धन्यवाद, फारच आभारी आहे.

पण हो, ते आहे. आणि मुद्दा इथेच अडतो. नोटीसने जे पाहिलं ते पुस्तकाला दिसतं का? आइन्झच्या भावना वाढल्या की अनडेड असल्यामुळे आपोआप दाबल्या जातात. किती सोयीचं आहे बघा. पश्चात्तापाचा प्रश्नच लेखकाने नियमात बसवून काढून टाकला. भाजीत मीठ जास्त झालं तर जीभच कापून टाकली. मग मधल्या मोकळ्या जागेत विनोद. कॅल्काला नाझारिकचाच सोंग घेतलेला राक्षस जाल्दाबाओथ पायाला धरून गदेसारखी फिरवतो, एका राज्याची राणी, आणि त्याच खंडात आपण आइन्झच्या गोंधळावर खिदळायचं.

फक्त_अ‍ॅनिमे
कॅल्का म्हणजे पिक्चरमधली ना? तो सीन भारी होता. मी पुस्तकं वाचली नाहीत पण मला चौथा सीझन पाहून पण खडूससारखंच वाटलं, एकदम घाईघाईत आणि कोणाबद्दल काहीच वाटत नाही.

नाझारिकचा_शिपाई
झालं. आले. चौथ्या सीझनमधे तेरा एपिसोडात दहा, अकरा आणि चौदा असे तीन खंड कोंबलेत, बारा-तेरा मधेच उचलून २०२४ च्या पिक्चरला ठेवले, म्हणजे पवित्र राज्यात काय झालं हे बघायच्या आधी तिथे जाणारं धान्य फिलिप नावाचा सरदार लुटतो. त्यावरून मत बनवणार तुम्ही? अ‍ॅनिमे पाहून या सिरीजवर बोलायला बंदी पाहिजे.

फक्त_अ‍ॅनिमे
पुस्तकं जाड पुठ्ठ्याची, बाहेरून मागवायची, सोळा. तू घेऊन देतोस का? माझ्या हॉस्टेलच्या मेसचं बिल बघ आणि मग बंदी घाल.

सिंगापूरची_सून
आणि शिपाई, तू स्वतः पहिले आठ खंड फॅन ट्रान्सलेशनच्या पीडीएफवर वाचलेस, तूच सांगितलं होतंस. फुकट्यांनी बंद्या घालू नयेत.

नाझारिकचा_शिपाई
नंतर विकत घेतले मी. काही.

असो. खडूस, बारा-तेराचं नाव काढलंस ते बरं झालं. निया बाराजा. तू म्हणतोस पुस्तकाला दिसत नाही. तिच्या डोळ्यांनी दोन अख्खे खंड आहेत. तिचा देश ज्याने उद्ध्वस्त केला त्याचा मालक म्हणजे आइन्झ, आणि ती त्याचीच भक्त होते, गावोगाव प्रवचनं देते. वाचकाला सगळं माहीत, तिला काहीच नाही. यात विनोद दिसला तुला? मला तर घाम फुटला होता.

अवेळी_चहा
निया मलाही मान्य. ती जितकी आनंदात तितकं आपल्याला वाईट वाटत जातं. सातव्यात हे करायला हवं होतं.

खडूस_वाचक
बरं बाबा, निया चांगली आहे. कॅल्काच्या सेनापतीला, रेमेडिओसला, मात्र इतकी मूर्ख केलीय की आइन्झ शहाणा दिसावा म्हणूनच तिला ठेवलंय. चौदाव्यात फिलिप तसाच. राज्य बुडवायला एक महामूर्ख लागतो यांना दर वेळी.

आणि चौदाव्यात रिकू या तोडीस तोड शत्रूशी लढाई झाली असं कोणी सांगायला येण्याआधीच सांगतो, तो आइन्झ नव्हताच, पँडोराज अ‍ॅक्टर होता.

रंकाळ्याचा_वारा
फिलिपसारखी माणसं मी आमच्या तालुक्यात रोज बघतोय, त्यात अतिशयोक्ती काय न्हाई.

फक्त_अ‍ॅनिमे
मग मी पुस्तकं सुरू करू की नको? एक नक्की सांगा. मेसचं बिल बाजूला ठेवून.

खडूस_वाचक
पहिल्यापासून कर आणि सहाव्याला थांब.

नाझारिकचा_शिपाई
याचं ऐकू नकोस. सहाव्याला थांबलास तर नवव्यातलं गझेफ या राजाच्या योद्ध्याचं आइन्झशी द्वंद्व हुकेल, आणि ते या खडूसलाही आवडतं, इथेच त्याने त्यावर गहिवरून लिहिलं होतं.

खडूस_वाचक
गझेफचं वेगळं आहे. तो आपण मरणार हे माहीत असून स्वतःहून पुढे झाला, परत जिवंत करू नका म्हणून आधीच सांगितलं. त्याला कोणी पैशाचं आमिष दाखवून घरी बोलावलं नव्हतं.

नाझारिकचा_शिपाई
म्हणजे आक्षेप आमिषाला आहे. वर तर 'धोका उरला नाही' म्हणून तीन परिच्छेद लिहिलेस. गझेफच्या लढाईत धोका कुठे होता? वेळ थांबवली, एक स्पेल टाकलं, संपलं. तिसऱ्या खंडाच्या उलट टोक आहे ते, आणि तरी तुला आवडतं.

खडूस_वाचक
उद्या सविस्तर लिहितो. आत्ता झोपायचंय, सकाळी सातला कॉल आहे.

बेंचवरचा_विठोबा
सासुगा.