दुधाचं 'वावडं' गेलं, मग हे काय? अन्ननलिकेच्या ॲलर्जीला मराठी शब्द

नौपाडा, ठाणे :
भाचा सहा वर्षांचा आहे. तान्हा असताना वरचं दूध दिलं की अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे. पुढे ते थांबलं. आता पोळीचा घास गालात धरून बसतो, घासाघासाला पाणी मागतो, मधूनच उलटी करतो. दुर्बिणीने तपासून डॉक्टरांनी 'इओसिनोफिलिक इसोफेजायटिस' सांगितलं. आजी म्हणतात, "दुधाचं वावडं गेलं ना त्याचं? मग आता नखरे कसले?" त्यांना पटेल असा शब्द हवा आहे.

नेरुळ :
पुस्तकी शब्द 'अन्ननलिकाशोथ'. घरात तो चालणार नाही. 'अन्ननलिकेचा दाह' कळायला सोपा, पण दाह म्हटलं की माणसं पित्ताच्या जळजळीवर जातात. म्हणून 'ॲलर्जीमुळे आलेली अन्ननलिकेची सूज' म्हणा. लांब आहे, पण खरं आहे. इओसिनोफिल ही पांढरी पेशी. इओसिन या तांबड्या रंगाने रंगते म्हणून ते नाव. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात ती नसते.

घोळ 'वावडं' या शब्दाचा आहे. न आवडणं आणि न सोसणं, दोन्ही त्यात येतं. म्हणून पोराचा त्रास नखऱ्यांत जमा होतो.

वाशी (मुलांच्या आहाराचं काम करते) :
ताई, आजींना दोन क्रियापदं सांगून बघा : 'उठणं' आणि 'बाधणं'. गांधी उठतात त्या बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत. ते काम आयजीई प्रतिपिंडांचं, म्हणजे रक्तातल्या ॲलर्जी चेतवणाऱ्या प्रथिनांचं. अन्ननलिकेतली सूज त्या वाटेने येत नाही. ती आठवडे-महिने साचत जाते, त्यामुळे कुठल्या घासाने बाधलं ते घरी ओळखता येत नाही. त्वचेवर टोचून केलेली चाचणीही इथे भरवशाची नाही. निदानासाठी अस्तराचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजतात. एका दृश्यक्षेत्रात १५ किंवा जास्त इओसिनोफिल दिसले आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर हा आजार.

दोन्हींचं नातं मात्र जवळचं. लहानपणी अन्नाची ॲलर्जी, इसब किंवा दमा असलेल्या मुलांत हा आजार जास्त आढळतो. तुमच्या भाच्यासारखी मुलंही असतात : गांधी बंद झाल्या, दूध पुन्हा सुरू झालं आणि त्याच दुधाने पुढे अन्ननलिका सुजली. ॲलर्जी घालवायला तोच पदार्थ थोडाथोडा वाढवत देतात, त्या उपचारातही काही मुलांना हे होतं. कारणांत दूध सगळ्यांत पुढे, मग गहू, अंडं, सोया.

आणि एक शब्द आपल्याकडे आयता आहे : तोठरा बसणं. कोरडं पीठ किंवा उकडलेलं रताळं खाताना छातीत घास बसतो, तसं या मुलाला मऊ पोळीनेही होतं. आजींना तोठरा माहीत असणारच.

नौपाडा, ठाणे :
तोठरा म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. पोळी ताटात तशीच राहिली तरी आज रागावल्या नाहीत. दूध बंद करून बघायला डॉक्टरांनी सांगितलंय. आजी विचारतात, शेळीचं चालेल का?

वाशी :
नाही. गाय, म्हैस, शेळी, तिन्ही दुधांतली प्रथिनं बरीच सारखी. लॅक्टोज काढलेलंही नको. साखर जाते, प्रथिनं राहतात. खवा, पनीर, दूध पावडरची बिस्किटं त्यातच धरा. गहू-अंडं मात्र आपल्या मनाने बंद करू नका, वाढतं वय आहे. पुन्हा दुर्बीण कधी, ते डॉक्टरांना आताच विचारून ठेवा. त्रास थांबला म्हणजे आतली सूज गेली असं धरता येत नाही.