मदत हवी आहे: पोटाचा टीबी की क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार)? सीटीवरून किती कळतं?

नमस्कार मंडळी. आम्ही डिचोलीचे. विशीतल्या माझ्या भाच्याच्या पोटात उजव्या बाजूला खाली सतत दुखतं, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरत चाललंय. सोनोग्राफीत थोडं पाणी आणि वाढलेल्या गाठी (लिम्फ नोड) दिसल्या, म्हणून काँट्रास्ट (सीटीत उजळ दिसणारं औषध) देऊन सीटी केला. रिपोर्टात लिहिलंय की लहान आतड्याचं शेवटचं टोक आणि सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) जाड झालंय, आणि गाठींचा मधला भाग काळा असून कडा उजळ आहे. खाली लिहिलंय, 'टीबीची शक्यता, क्रोन्सही असू शकतो'. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे.

डॉक्टर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करून आतड्याचा तुकडा घ्यायचा (बायोप्सी) म्हणतात. ताई फार घाबरलीय. सीटीत एवढं दिसतंय तर सरळ टीबीच्या गोळ्या सुरू करा, असं ती म्हणते. छाती स्वच्छ असताना पोटात टीबी होतो का? बायोप्सी खरंच लागते का? कृपया जाणकारांनी सांगावं.

उत्तर

मी रेडिओलॉजीत काम करते. छाती स्वच्छ असूनही पोटाचा टीबी असलेले रुग्ण पुष्कळ असतात. गाठ आतून सडली की तिथे रक्त पोचत नाही, म्हणजे काँट्रास्टही नाही, म्हणून मधला भाग काळा दिसतो. क्रोन्समध्ये सहसा असं दिसत नाही, तेव्हा पारडं टीबीकडे झुकतं. पण लिम्फोमातही (लिम्फ गाठींचा कॅन्सर) कधीकधी अशा गाठी दिसतात.

ताईंना समजावा, पण तपासणी टाळू नका. क्रोन्स समजून स्टिरॉइड दिली आणि आत टीबी असला तर तो पसरू शकतो. उलट तपासणीशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू केल्या तर तो कोर्स किमान सहा महिन्यांचा. आजार क्रोन्स निघाला तर तेवढा काळ आतडं आकसत राहू शकतं.

तुकड्याची पॅथॉलॉजी, सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं), तिन्ही करून घ्या. सीबीनॅट-कल्चरसाठीचा तुकडा सलाइनमध्ये जायला हवा, फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवायचं रसायन) गेला तर कल्चर होतच नाही. हे आधीच विचारून ठेवा, नंतर हळहळून उपयोग नाही. आतड्याच्या तुकड्यात जंतू कमी असतात, म्हणून सीबीनॅट निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं समजू नका. पाणी काढण्याइतकं असेल तर त्याची एडीए (टीबीचा अंदाज देणारी एन्झाइमची चाचणी) करता येते. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) दाखवणार असाल तर नुसता रिपोर्ट नको, सीटीची सीडी न्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. ताईला वाचून दाखवलं, ती तयार झालीय. सुधारणा बघायला पुन्हा सीटी करावा लागेल का?

उत्तर

दरवेळी नाही. पाणी आणि गाठी सोनोग्राफीतही बघता येतात, तरुण मुलाला उगाच रेडिएशन कशाला? मात्र पोट फुगून उलट्या झाल्या आणि शौच-वारा बंद झाला तर आतडं अडलं असू शकतं. मग अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.