महास्थलांतर पाहण्यासाठी मसाई मारा की सेरेंगेटी?

प्रश्न: ऑगस्टअखेर आई-वडिलांना घेऊन महास्थलांतरात विल्डबीस्टांचे (गायीसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकी हरणांचे) कळप मारा नदी ओलांडताना पाहावेत, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मुक्काम केनियात करावा की टांझानियात, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: त्या काळात कळप नदीच्या दोन्ही तीरांवर असतात, त्यामुळे केनियातील मसाई मारा आणि टांझानियातील उत्तर सेरेंगेटीमधील कोगातेंडे ही दोन्ही ठिकाणे योग्य आहेत. मात्र हे प्राणी पावसामागे, कोवळ्या गवतामागे फिरतात आणि काठावर तासन्‌तास थांबून कधी माघारीही वळतात, म्हणून एकाच ठिकाणी निदान चार रात्री राहावे. धावपळीचा दौरा टाळावा, ही कळकळीची विनंती.

उत्तर २: पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, साठीपुढील व्यक्तींनी त्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

उत्तर ३: तारखा बदलता येत असतील तर फेब्रुवारीत सेरेंगेटीच्या दक्षिणेकडील एन्डुटू या भागाचा विचार करा, कारण तिथल्या माळावर तेव्हा विल्डबीस्टांची पिल्ले जन्मतात आणि मला ते दृश्य नदीपेक्षाही विलोभनीय वाटते.