मदत हवी आहे: रत्नागिरी शहरात जेवण आणि रत्नदुर्गाच्या पायऱ्या

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकहून स्वतःच्या गाडीने आई-बाबांना घेऊन रत्नागिरीला जातोय. मुक्काम २ रात्री, मांडवीजवळ, खोली ठरलीय. ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा बाबांना बघायचाच आहे. पतितपावन मंदिर, टिळकांचं जन्मस्थान, आरे-वारेमार्गे गणपतीपुळे हेही नक्की.

अडलंय जेवणावर. बाबांना ताजी सुरमई किंवा बांगडा हवा, आई मात्र भांडी वेगळी असतील तरच सुखाने जेवते. ओळखीच्यांना विचारलं तर सगळे पुळ्याच्याच खाणावळी सांगतात, आणि आम्हाला रात्री शहरातच जेवायचंय. दोघांना एकाच टेबलावर बसता येईल, पण शाकाहारी स्वयंपाक खरोखर वेगळा होतो, अशी खाणावळ कोणती?

आणि बाबांचा गुडघा दुखतो, २०-२५ पायऱ्या जेमतेम चढतात. रत्नदुर्गावर भगवती मंदिराच्या किती जवळ गाडी जाते, पुढे पायऱ्या किती?