जुन्या स्मार्टफोनची बटणं: सोय की कटकट?

मूठभर
परवा एकाने लिहिलं, "२००७ च्या आयफोनने एका होम बटणात भागवलं, बाकीचे फोन म्हणजे नुसता बटणांचा पसारा." वाचून राहवेना. त्या आयफोनवर कॉपी-पेस्ट यायला जून २००९ उजाडला! माझ्या नोकिया एन७३ वर पेन्सिलचं चित्र असलेली कळ धरून बाणाने शब्द निवडला की झालं कॉपी. मेनूची कळ दाबून धरली की चालू असलेली ॲप्स समोर. कॅमेऱ्याची कळ अर्धी दाबली की फोकस, पूर्ण दाबली की फोटो. लोकलच्या गर्दीत मी खिशातल्या खिशात हॅश दाबून धरायचो, फोन सायलेंट. टचफोनच्या काचेवर करून दाखवा हे.

तळेगावकर
एन७३ चे गोडवे पुरे. अँड्रॉइडचा गोंधळ विसरलात? २०१० चे नेक्सस वन आणि डिझायर हे फोन, दोन्ही एचटीसी कंपनीनेच बनवलेले, जवळपास जुळे. एकावर डावीकडून बॅक, मेनू, होम, सर्च. दुसऱ्यावर होम, मेनू, बॅक, सर्च! सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२ वर बॅक थेट उजव्या टोकाला. फोन बदलला की अंगठ्याला नव्याने वळण लावा. माझा तर मेसेज लिहिताना अंगठा सर्चला लागायचा, लिहिलेलं बाजूलाच. २०११ मध्ये अँड्रॉइड ४.० ने ही बटणं पडद्यावर घेतली, उत्तम झालं.

मूठभर
हा दोष क्रम ठरवणाऱ्यांचा. बटणांना का फाशी?

शाईपेन
बटणांचं काय घेऊन बसलात, मराठी दिसत होतं का ते सांगा! माझ्या पहिल्या टचफोनवर आईचा मेसेज म्हणजे चौकोनांची रांग. ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या पानावर, जाऊन बिटमॅप फॉन्ट, म्हणजे अक्षरं चित्र म्हणून दाखवायची सोय, चालू करायचा, मग कुठे पान वाचता यायचं, तेही रखडत.

तळेगावकर
विषय बटणांचा आहे. चौकोन इथे कुठून आले?

शाईपेन
तिथूनच आले. आईच्या साध्या नोकियाच्या कळांवर अ, क, च छापलेलं होतं. चौथी शिकलेली बाई त्यावर मराठीत खुशाली कळवायची. मी हौसेने टचफोन दिला आणि तिचं लिहिणंच बंद पडलं. तुम्हाला इंग्रजी येतं म्हणून ही गोष्ट किरकोळ वाटते.

तळेगावकर
मला काय येतं ते तुम्ही ठरवू नका. माझंही शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेतच झालंय.

कोकणवारा
चौकोन परवडले. पुढच्या फोनवर अक्षरं आली तर पहिली वेलांटी अक्षर सोडून पुढे बसायची, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. 'स्थिती' वाचताना अंदाज बांधायचा. पण हा दोष प्रणालीचा. त्यासाठी टचला धोपटणं चूक आहे, शाईपेन. उलट आज माझी आजी फोनला बोलून मराठीत लिहिते, कळा न दाबता.

शाईपेन
आज, हो. मधली वर्षं कोण भरून देणार? आईने तेव्हा सोडलं ते सोडलंच.

मूठभर
वडिलांना मोतीबिंदू होता. पाचच्या कळीवरचा उंचवटा चाचपून ते माझा नंबर लावायचे, दहाही आकडे.

तळेगावकर
तो उंचवटा काचेवर येत नाही, एवढं मान्य. तेवढंच. बॅक उजवीकडे ठेवणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.